ठरावाचं कारण

वाचनालयाच्या ग्रंथपाल मंदाकिनीबाईंनी तो कॉमिक्सचा संच हट्टाने मागवला होता. त्यात सहा महावीर मिळून जग वाचवतात. वाचकांनी अभिप्रायाची वही कौतुकाने भरून टाकली. अध्यक्ष दाजीसाहेब टिपणिसांनी ती चाळली आणि त्यांचं पित्त खवळलं.

"निव्वळ थापा! संच रद्दीत घाला. ठराव लिहा!"

"कारण काय लिहू, साहेब?"

"लिहा, सहा जण एकत्र येऊन एखादं काम तडीस नेतात, हे कुणाला तरी पटेल का?"

बाईंनी पदराने घाम पुसत लिहून घेतलं. "खरंय. पुरावाही जोडते. आपली अकरा जणांची कार्यकारिणी, आणि तीन वर्षं बंद पडलेला हा डोक्यावरचा पंखा."

दाजीसाहेबांनी वर पाहिलं आणि ठरावाचा कागद फाडला.

संच कपाटातच राहिला. पंखा मात्र दुसऱ्याच दिवशी गरगरू लागला.