निजेचा बुरूज

शेलगडाच्या पश्चिम बुरुजावर एक दगड उभा आहे. वीरगळ म्हटली की लढणारा वीर, घोडा, तलवार. या दगडावर मात्र एक माणूस चक्क कुशीवर झोपलाय आणि दुसरा त्याच्या उशाशी बसलाय. गडावर येणारे शहाणे हसतात. पहारेकरी झोपले म्हणून गड गेला असणार, म्हणतात. गड गेला नाही. ते झोपले म्हणूनच राहिला, असं इथले जुने लोक सांगतात.

गादीपायी दोन भावांनी एकमेकांची माणसं कापून काढली, त्यानंतरची ही गोष्ट. दोघेही संपले, राज्य त्यांच्या आईच्या हाती आलं, आणि तेवढ्यात परमुलखाची फौज सीमेवर आली. आऊसाहेबांनी दोन्हीकडचे उरलेसुरले मराठे, कोळी, हबशी, पठाण एका फौजेत घातले आणि हुकूम दिला, की प्रत्येक बुरुजावर एक थोरल्याकडचा, एक धाकट्याकडचा. हुकूम काढायला काय लागतं? भाऊ मारणाऱ्याच्या शेजारी बसून भाकरी आऊसाहेबांना थोडीच खायची होती.

पश्चिम बुरुजावर थोरल्याकडचा गोमा कोळी आला आणि धाकट्याकडचा सिद्दी मरजान. गोमाचा पाठचा भाऊ नदीच्या उतारावर पडला होता, तो या मरजानच्याच हातून. गडाला खालून वेढा पडला, दरवाजे बंद झाले. पळायला वाट नाही, जागा बदलून मागायची सोय नाही. धान्य होतं, पाणी होतं, झोप तेवढी नव्हती. शेजारी वैरी असताना डोळा मिटायचा कुणी? सगळा गड डोळे ताणून बसला, तोही एकमेकांवर. माणसं उभ्या उभ्या बरळू लागली. एक जण तर झापड येऊन तटावरून खाली गेला म्हणे.

गोमा हट्टाने जागा होता. मरजान कधीतरी पेंगेल आणि मग त्याच्या गळ्यावरून कोयता फिरवीन, एवढ्यावर त्याने तग धरला होता. मरजानलाही ते ठाऊक होतं.

एका भर दुपारी मरजानने आपली कट्यार काढून गोमापुढे ठेवली.

"आता नाही होत, कोळीदादा. मी झोपतो. मारायचं तर मार, पण खालून कुणी चढताना दिसलं तर आधी उठव. कड्यावरनं लोटायला ठेवलेला तो धोंडा तुला एकट्याला हलायचा नाही."

एवढं बोलून तो आडवा झाला आणि घोरायलाही लागला.

गोमाने कोयता उचलला. पण बुरुजावर आता जागा असा तो एकटाच. याला मारला, तर धोंड्याला दुसरा खांदा कुणाचा? वैऱ्याने झोपून त्याला जखडून ठेवलं होतं. भाऊ आठवला की मूठ आवळायची, कड्याकडे नजर गेली की सैल व्हायची. उन्हं कलली तेव्हा खालच्या कपारीत पागोटी हलताना दिसली.

गोमाने मरजानचा खांदा हलवला. "ऊठ. तुझं मरण मागनं बघू."

दोघांनी खांदे लावले. धोंडा गेला, त्याच्यासंगं शिड्या आणि शिड्यांवरची माणसंही गेली.

खरी गोष्ट यापुढची. गोमाच्या अंगात त्राण उरलं नव्हतं. शेजारच्या तटांवरून सगळे बघत होते. त्याने कोयता मरजानच्या हातात दिला.

"भावाला मी विसरलो नाही. ध्यानात ठेव."

"मीही विसरलो नाही," मरजान म्हणाला. "झोप."

दिवस मावळेस्तोवर गोमा हलला नाही आणि मरजानने मांडी मोडली नाही. मग तटातटावर एकेक जण दुसऱ्यापुढे हत्यार ठेवून आडवा होऊ लागला. निजून उठलेल्या गडापुढे वेढा टिकला नाही, असं सांगतात. त्या दोघांची पुढे दोस्ती झाली का, असं पाहुणे विचारतात. झाली, असं कुणी सांगत नाही.

आजही चैत्रातल्या जत्रेला भर दुपारी खालच्या कोळीवाडीचे आणि हबशीवाडीचे बापये या बुरुजावर चढतात, आपला कोयता दुसऱ्या वाडीच्या माणसाच्या हाती देतात आणि आळीपाळीने निजतात. दगडावरचे चेहरे झिजलेत, कोण कोळी नि कोण हबशी ते कळत नाही. उशाशी कोयता घेऊन बसलेला आमचा, असं कोणतीच वाडी म्हणत नाही. झोपलाय तो आमचा, म्हणून दोन्ही वाड्या भांडतात.