बोहारणीची केवडी आणि तीन सोनेरी दोरे

नगर काही आटपाट नव्हतं. तिथे राजा नव्हता, राणी नव्हती, हत्ती तर औषधालासुद्धा नव्हता. ओढ्याकाठी एक झोपडी होती. त्या झोपडीतून रोज सकाळी एक भलीमोठी टोपली बाहेर पडायची आणि संध्याकाळी एक भलंमोठं गाठोडं आत यायचं. दोन्हींच्या खाली हौसा नावाची एक बारकीशी बाई असायची. लांबून बघणाऱ्याला वाटावं, गाठोडंच पायांनी चालत येतंय.

हौसा बोहारीण होती. टोपलीत चकचकीत पातेली, वाट्या आणि डबे घेऊन ती वाडीवाडीवर फिरायची आणि "जुन्या कापडावर भांडंऽऽ" अशी हाळी द्यायची. मग बायका जुनी लुगडी, धोतरं, झबली घेऊन दारात यायच्या. वरच्या वाडीची तान्हाबाई तर तीन चिंध्या द्यायची आणि पातेलं घेऊन वर म्हणायची, "एक वाटी दे की गं, पोराला खेळायला!" तिचं पोर मिशा फुटण्याएवढं मोठं झालं होतं.

हौसाची लेक केवडी. वय वर्षं आठ, दोन शेपट्यांसारख्या वेण्या, आणि सुई टोचून टोचून खरबरीत झालेली इवलीशी बोटं. आईने आणलेले कपडे ओढ्यावर धुवायचे, गुंड्या काढायच्या आणि धड-फाटकं निवडायचं, हे काम तिचं. कापड पारखायची रीत आईने शिकवली होती. दोन अंगठ्यांत कापड धरायचं आणि एक हिसका द्यायचा. टिकलं तर पक्कं. 'चर्र' वाजलं तर गेलं कामातून.

हौसा दमायची. किती दमायची म्हणून सांगू! हातातला घास तोंडापर्यंत जायच्या आत तिचा डोळा लागायचा. गेल्या आठवड्यात ओढ्याच्या उतारावर तिला घेरी आली. ती कोसळली, आणि सगळी पातेली खणखणत पाण्यात गेली. केवडीने एकेक पातेलं गोळा केलं, पण तेव्हापासून तिच्या मनात भीतीने घर केलं. आई अशीच एक दिवस वाटेत पडेल आणि मग उठणारच नाही.

"आये, आज नको ना जाऊ," ती रोज म्हणायची.

"न जाऊन कसं चालंल, बाय? माझी हाळी ऐकली न्हाई, तर बाया दुसरीला कापडं देत्याल," हौसा म्हणायची आणि टोपली डोक्यावर घ्यायची.

एका सकाळी केवडीने धुतलेले कपडे रानाच्या कडेला करवंदीच्या जाळ्यांवर वाळत घातले. लाल लुगडं, हिरवा परकर, पिवळा फेटा, निळं निळं झबलं! सगळी रानकड रंगीबेरंगी झाली. टोकाच्या जाळीवर एक तुकडा काही निराळाच दिसत होता. मोरपिशी, झिरझिरीत, कडेला सोनेरी किनार, आणि अंगभर दवाच्या टिकल्या. हा कधी धुतला बरं आपण? केवडीने तो दोन अंगठ्यांत धरला आणि सवयीने दिला हिसका.

चर्र!

"अगं, अगं! पंख आहे तो माझा!" जाळीतून आवाज आला.

केवडी घाबरून दोन पावलं मागे सरली. जाळीतून हातभर उंचीची एक परी बाहेर आली. अंगावर जाईच्या कळ्यांसारखा पांढरा झगा होता, पण टाचा धुळीने माखलेल्या होत्या आणि डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती. पंखाला बोटभर फाट पडली होती.

"चुकले, मावशी," केवडी रडवेली होऊन म्हणाली. "मला वाटलं, जुनेर हाय."

परी खुदकन हसली. "जुनाच आहे तो. सात रानं फिरून आलेय. सत्तर मुलं भेटली, आणि प्रत्येकाला महाल हवा. जरा पंख पसरून पडले होते."

"तुमी लई दमल्याशा वाटता. बसा ना," असं म्हणून केवडीने मऊ झबल्याची घडी घातली, तिच्यावर परीला बसवलं आणि आपली अर्धी भाकरी चटणी लावून पुढे केली. परीने घास घेतला. चटणीने तिच्या डोळ्यांतून टपटप चांदणं गळलं. तरी तिने चतकोर संपवली.

"मी दमलेय का, असं मला आजवर कोणी विचारलं नव्हतं," परी म्हणाली. मग तिने पंखाच्या किनारीतून हलकेच तीन लांब सोनेरी दोरे ओढून काढले. "हे घे. एका दोऱ्याला एक इच्छा. पण नव्या कापडात हा दोरा शिरत नाही, जुन्याचीच याला माया. शिवायचं तुझ्या हातांनी. शेवटची गाठ मारताना इच्छा बोलायची, एकदाच. आणि बसलेली गाठ कोणालाच सोडता येत नाही, मलासुद्धा. तेव्हा नीट विचार करून बोल, बाळ."

केवडीला विचार कसला करायचा होता! इच्छा तर तिच्या तोंडावरच होती. ती घरी धावली. पिवळ्या फेट्याचा पीळ घालून तिने चुंबळ वळायला घेतली, डोक्यावर ओझ्याखाली ठेवतात ना, ती गोल चुंबळ. पहिली वाकडी झाली. दुसरी सुटली. तिसरी मात्र मऊ, गोल गरगरीत जमली. मग सोनेरी दोरा ओवून तिने टाके घातले आणि गाठ मारताना म्हणाली, "आईला ओझं जड वाटू नये!"

चुंबळ लखकन चमकली. दुसऱ्या दिवशी हौसाने तिच्यावर टोपली ठेवली आणि चकित झाली. "अगं बाई! आज टोपली कापसाची झाली का काय?"

केवडी दिवसभर दारात वाट बघत बसली. रोज हौसा दिवेलागणीला यायची. आज दिवे लागून गेले, तरी ती आली नाही. आली तेव्हा गाठोडं दुप्पट झालं होतं आणि हौसाचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. "ओझं लागंचना," ती भिंतीला टेकून म्हणाली, "म्हनून म्हटलं, पल्याडच्या दोन वाड्या बी करून घ्याव्या." आणि न जेवताच ती आडवी झाली.

केवडीला वाटलं, चूक पायांची आहे. पाय दुखतात म्हणून आई दमते. तिने जुन्या सतरंजीचे तळवे कापले, वर निळ्या पँटीचे पट्टे लावले आणि सपाता शिवल्या. पहिल्या खेपेला दोन्ही डाव्या पायाच्या झाल्या! उसवून, कापून, बोटं टोचून घेऊन तिने पुन्हा केल्या. दुसऱ्या दोऱ्याची गाठ मारताना ती म्हणाली, "आईचे पाय कधी दुखू नयेत!"

पाय दुखले नाहीत. म्हणून हौसा वाटेत कुठे बसलीच नाही. पूर्वी निदान पिंपळाखाली टेकायची, पायाला हात लावून घटकाभर श्वास घ्यायची. आता तेही गेलं. तीन दिवसांत तिचे डोळे खोल गेले. चौथ्या दिवशी सकाळी निघताना ती उंबऱ्याला अडखळली, आणि केवडीने धरलं म्हणून वाचली.

तरी टोपली घेऊन हौसा गेलीच. चांगलं करायला गेले आणि काय करून बसले मी! सुई-चिंध्यांची झोळी खांद्याला अडकवून आणि उरलेला एकुलता एक दोरा मुठीत धरून केवडी रानात धावली.

परी तिथेच होती, करवंदीच्या बुडाशी. पण तिचा मोरपिशी रंग धुऊन निघाल्यासारखा फिका झाला होता. बोटभर फाट आता टोकापासून मुळापर्यंत गेली होती.

"मावशी, तुमी घरी न्हाई गेल्या?"

"जाईन, जाईन. जरा बसलेय." परी हसली, पण तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. केवडीने फाटीला हळूच बोट लावलं, तेव्हा परीने खरं सांगितलं. "किनारीच्या दोऱ्यांनीच पंख धरला होता गं. ते काढले आणि फाट वाढली. आता उडता येत नाही. पंख फाटल्यावर परीला सात दिवसांत घरी जाता आलं नाही, तर ती विरून जाते. आज सातवा. पण तू तुझं बोल. तिसरी इच्छा काय?"

केवडीने मूठ उघडली. सोनेरी दोरा ऊन पडून लखलखला. एकच उरला होता. यात आई बरी होईल. पण मग परीमावशी... पुढचं तिला मनातसुद्धा म्हणवेना. तिला रडू आलं, आणि ती अगदी खरीखुरी, हुंदके देऊन रडली. मग डोळे पुसून तिने झोळीतून सुई काढली.

"पंख पुढं करा, मावशी. मी फाडलाय. मीच शिवणार."

आधी तिने पक्क्या खाकी कापडाचं ठिगळ लावून बघितलं. पंख खाली लोंबला. जाड धोतराचं लावलं, तेही जड. शेवटी तिने एक टोपडं काढलं. पाच-सहा बाळांच्या डोक्यांवर राहून, शंभरदा धुऊन ते इतकं विरलं होतं की त्यातून पलीकडचं पान दिसत होतं. एरवी तिने ते कधीच फेकून दिलं असतं. ते पंखावर कसं बसलं म्हणता! जणू तिथलंच होतं. केवडीने इवले इवले टाके घातले आणि गाठ मारताना म्हणाली, "परीमावशीला घरी जाऊन निवांत झोपायला मिळू दे."

रंग हळूहळू परत यायला लागला. आधी फिका निळा, मग हिरवा, मग मोरपिशी.

"तुझ्या आईसाठी आता माझ्याजवळ दोरा नाही," परी हळवी होऊन म्हणाली.

"माझ्याजवळ हाय की. साधा," केवडी म्हणाली. विरलेल्या कापडाची माया तिच्या बोटांना आताच कळली होती. परी उडाल्यावर घरी येऊन तिने नाकारून टाकलेल्या कपड्यांच्या ढिगातून मऊ मऊ तेवढं निवडून काढलं. गोधडी शिवायची!

पण गोधडी काही एकटीच्याने होत नाही. लुगड्यांचे थर एकावर एक पसरले की ते सरकतात. एका टोकाला टाका घालावा, तर दुसऱ्या टोकाला फुगा येतो. म्हणून बायका चार कोपऱ्यांवर ठाण मांडून बसतात आणि कडेकडेने आत शिवत येतात. केवडीने दगड ठेवून बघितले, पाटा ठेवून बघितला. तरी गोधडीला सुरकुत्याच सुरकुत्या पडल्या.

तेवढ्यात हौसा आली. ती गाठोडं उतरवून लगेच चुलीकडे वळली.

"आये, इथं कोपऱ्यावर बस की जरा. थर सरकत्यात."

"भाकऱ्या कोन टाकंल, बाय?"

"चार टाके घालूस्तवर बस."

हौसा बसली. बसल्या बसल्या सवयीने तिने सुई हातात घेतली आणि एक ओळ घातली. मग दुसरी. कापड मऊ होतं, कुणाकुणाच्या मांडीची, कुशीची ऊब त्यात मुरलेली होती. तिसऱ्या ओळीला तिचा हात मंदावला. चौथ्या ओळीच्या मध्यावर सुई थांबली, मान कलली, आणि हौसा कोपऱ्यावर बसल्या जागीच आडवी झाली. केवडीने गोधडीचं मोकळं टोक तिच्या अंगावर ओढलं.

सकाळ झाली, तरी हौसा उठली नाही. ऊन दारात आलं. वाड्यांवर हाळी गेली नाही. बायकांनी वाट पाहिली, आणि मग सगळ्यांत पुढे तान्हाबाई, मागे आणखी दोघी, अशा जुनेरांची बोचकी घेऊन ओढ्याकाठी आल्या.

"हौसा बरी हाय ना गं?" तान्हाबाईने दारातूनच विचारलं. केवडीने ओठांवर बोट ठेवलं. झोपलेल्या हौसाचं उतरलेलं तोंड तान्हाबाईने बघितलं. बराच वेळ बघितलं.  मग तिने आपलं बोचकं सोडलं, त्यातलं मऊ लुगडं गोधडीवर अंथरलं आणि एक कोपरा धरून बसली. बाकीच्या दोघींनी उरलेले दोन कोपरे धरले. त्याही दमलेल्याच होत्या. पहाटेपासून पाणी, दळण, शेण, भाकऱ्या. पण दोन ओळी घातल्यावर त्यांचेही खांदे सैल पडले.

दुपारी हौसा दचकून जागी झाली. "दिस किती वर आला! टोपली कुठंय?"

"हालू नगंस, हौसा," तान्हाबाई सुईवरून डोळा न काढता म्हणाली. "थर सरकत्याल. आन् आता कापडं आमीच हितं आनून देऊ. तू काय सारखी भटकतीस?"

त्याच वेळी दारातून मोरपिशी उजेड आला. बायकांना वाटलं, ऊन आलं. केवडीला मात्र त्यात परी दिसली. भरलेले, झळाळते पंख, आणि एका पंखावर टोपड्याचं चिमुकलं ठिगळ.

"कोणी न मागितलेलं मला एकदाच देता येतं," परी तिच्या कानात म्हणाली. "या गोधडीवर जो बसेल, त्याला 'आता ऊठ' असं कोणी म्हणणार नाही." तिने साध्या पांढऱ्या दोऱ्याला बोट लावलं. सगळे टाके क्षणभर सोन्याचे होऊन उजळले, झोपडीभर टिकल्याच टिकल्या सांडल्या, आणि त्या झगझगाटात परी पंख पसरून उडून गेली.

केवडीने वळून पाहिलं. बायका हळू आवाजात काहीबाही बोलत शिवत होत्या. हौसाने कूस बदलली, पाय सरळ लांब केले आणि पुन्हा झोपी गेली.