बस्त्यावची रिकामी गव्हाण

वसईच्या खाडीकाठच्या आंबोळी गावात, जुन्या चर्चमागच्या खोलीत पास्कूबाबा राहत. धर्मगुरू म्हणून निवृत्त झाले तरी बाबांनी गाव सोडले नाही, आणि गावानेही बाबांना सोडले नाही.

त्याच गावात बस्त्याव नावाचा एक माळी होता. त्याची बायको रेजिनाबाय त्या वर्षी उन्हाळ्यात देवाघरी गेली. नाताळाआधीचे चार आठवडे, म्हणजे आगमनकाळ, ती फार प्रेमाने पाळी. ओट्यावर लाकडी गव्हाण रिकामी मांडायची आणि कुणासाठी गुपचूप काही चांगले केले की तिच्यात गवताची एक काडी टाकायची. बाळ येशू येईल तेव्हा त्याला मऊ अंथरूण मिळावे म्हणून! यंदाही बस्त्यावने गव्हाण मांडली. पण एकट्याच्या हाताने दहा डिसेंबरपर्यंत पाचच काड्या पडल्या.

चौकात दुमिंगशेठचे मोठे दुकान होते. चांदण्या, दिव्यांच्या माळा, केकची खोकी. आणि दाराशी काचेच्या पेटीत एक तारखेपासूनच बाळ येशूची मूर्ती निजवलेली.

बस्त्यावला राहवेना. "शेठ, बाळ ठेवायचं ते चोवीसच्या रात्री ना?"

"तोवर गिऱ्हाईक थांबतं होय! तू पाच काड्यांवर निजव त्याला. पाठ सोलून निघेल बिचाऱ्याची! रेजिना गेली, तिच्याबरोबर हे खूळही जाऊ दे."

लोक हसले. बस्त्याव घरी आला.

दुसऱ्या सकाळी पेटी रिकामी! कुलूप मात्र जसेच्या तसे.

"बस्त्यावनेच नेलं!" म्हणत शेठ अर्धा गाव घेऊन त्याच्या घरात शिरले. डबे उपडे केले, रेजिनाबायची ट्रंक उचकटली. तिची लुगडी अंगणात पडली तेव्हा बस्त्याव पुढे झाला.

"मी चोर नाही हो, शेठ."

"मूर्ती दे, नाहीतर पोलिसात चल!"

तेवढ्यात काठी टेकत पास्कूबाबा आले. त्यांनी एकेक लुगडे उचलून झटकले, घडी घालून बस्त्यावच्या हातात दिले. मग म्हणाले, "चला शेठ, पेटीपाशी. बस्त्याव, तूही चल."

पाहतात तो पेटीत बाळ!

"घाबरून याच्या माणसानं आणून ठेवलं!" शेठ ओरडले.

"किल्ली कुणाकडे आहे?" बाबांनी विचारले.

शेठचा हात गळ्यातल्या साखळीकडे गेला. किल्ली तिथेच होती.

"आता काचेवर हात ठेवा आणि नीट बघा."

भर उन्हात, साऱ्या गावादेखत, शेठच्या हाताखालचे बाळ दवासारखे विरून गेले. काय ती प्रभूची करणी!

शेठ पेटीपुढे गुडघे टेकून बसले. "बाबा, रुसलं का ते माझ्यावर? परत येईल ना?"

"रुसेल कशाला?" बाबा हसून म्हणाले. "यायची वेळ झाली नाही, एवढंच. अजून दोन आठवडे आहेत. तुम्हीही आमच्याबरोबर वाट पाहा."

शेठ उठले आणि बस्त्यावपुढे वाकले. "तुला चोर म्हटलं, दादा. बायच्या कपड्यांना हात लावला. माफ कर मला."

बस्त्यावने त्यांना खांद्याला धरून सरळ केले. रेजिनाबाय गेल्यापासून त्याच्या घरी कुणी घटकाभर बसायला आले नव्हते.

"घरी चला, शेठ," तो म्हणाला. "चहा टाकतो. दूध नाही, काळा चालेल ना?"