राजाच्या आलापात हरवलेला हुकूम

तांबूळगडावर अख्ख्या मिशा दोघांच्याच उरल्या होत्या. एक राजा धैर्यशीलाची आणि दुसरी सोनबा माळ्याची. बाकी सगळे अर्ध्या मिशीने हिंडत होते.

राजाला गाण्याचा भारी नाद. सकाळी एका दमात ढीगभर हुकूम सांगायचा आणि लगेच आलाप सुरू करायचा. चाकराने गाणं संपेपर्यंत "वाहवा, वाहवा" म्हणत राहायचं आणि मग सगळे हुकूम जसेच्या तसे म्हणून दाखवायचे. एक जरी विसरला, की अर्धी मिशी उतरवायला न्हावी तयारच.

सोनबाची पाळी आली तेव्हा त्याची लेक येसू पुढे झाली आणि बापाऐवजी मीच उभी राहते म्हणाली. राजाने मान्य केलं, पण चुकलीस तर मिशी बापाचीच जाईल, असं बजावलं. सोनबाने दोन्ही हातांनी मिशी झाकून घेतली.

राजा म्हणाला, "कारंजं सुरू कर. हत्तीला ऊस, राणीसाहेबांना गजरा, मोराला दाणे, पाहुण्यांना नारळ आणि प्रधानांच्या दारी केळीचे खांब." आणि त्याने आलापासाठी आ वासला.

येसू "वाहवा, वाहवा" म्हणत राहिली. मध्येच ती खुदकन हसली. राजाला वाटलं, गाणं पोरीच्या काळजाला भिडलं. त्याने आणखी ताना घेतल्या.

गाणं संपलं. येसूने सगळे हुकूम घडाघडा सांगितले. न्हाव्याने मुकाट्याने वस्तरा मिटला.

"कसं जमलं?" राजाने विचारलं.

"महाराज, तोंड आपल्याला वाहवा देत होतं, पण डोळे रिकामेच होते. मी मनात हत्ती पाहिला. कारंज्यात बसलाय, प्रधानांच्या केळीच्या खांबांना टेकलाय, गळ्यात राणीसाहेबांचा गजरा, सोंडेत ऊस. डोक्यावर मोर, तो पाहुण्यांच्या नारळावर बसून दाणे टिपतोय."

राजाच्या भुवया चढल्या. "म्हणजे माझं गाणं तुझ्या डोक्यात शिरलंच नाही?"

सोनबाने डोळे मिटले.

येसू म्हणाली, "शिरलं ना महाराज! आपलं गाणं एवढं ऐसपैस, की आत आलं आणि हुकुमांचे शब्द बाहेर ढकलले गेले. या सगळ्यांचंही तेच होतं. माझा हत्ती तेवढा जाडजूड, म्हणून हलला नाही."

राजा इतका हसला, की मुकुट नाकावर आला. दरबारही हसला. त्याने सोनबाला राजवाड्यामागची आमराई देऊन टाकली, आणि यापुढे आधी गाणं, मग हुकूम, असं फर्मान काढलं.

"आणि गाणं थोडं लांबवू," राजा म्हणाला, तेव्हा मात्र हसणारी एकटी येसूच होती.