महाराजांना न उठवणारा काढा

अढळसेन महाराजांना लघवीला जळजळ होऊ लागली आणि राज्याचा कारभार अडला!

दोष सगळा सिंहासनाचा होता. महाराजांच्या आजोबांनी नियम घालून ठेवला होता, की राजा दरबारातून मध्येच उठला तर राज्यच उठले असे समजावे. आणि राजाच्या आधी दुसरे कोणी उठले, तर त्याचे घरदार उठले असे समजावे! सकाळी बसलेला दरबार दिवेलागणीलाच उठे. मध्ये उठायला लागू नये म्हणून महाराज दिवसभर पाण्याला शिवत नसत. राजाच पीत नाही म्हटल्यावर दरबारी तरी कसले पितात!

मग व्हायचे तेच झाले. निवाडा करता करता महाराज डोळे घट्ट मिटून "स्स्स!" करत. फिर्यादीला वाटे, आपल्या दुःखाने राजा कळवळला.

झाडपाल्याची औषधे देणाऱ्या धर्माजीला बोलावणे गेले. त्याने नाडी पाहिली, जीभ पाहिली आणि सरळ सांगितले, "गोखरू, धने आणि वाळ्याचा काढा घ्या, महाराज. पाणी भरपूर प्या. आणि लागली, की उठा!"

"उठा?" प्रधान बहिरोपंत किंचाळले. "राजाला 'उठा' म्हणतोस? राजद्रोह!"

धर्माजी थेट तुरुंगात गेला. पाठोपाठ दवंडी पिटली गेली, "जळजळ शमवील, पण महाराजांना सिंहासनावरून उठवणार नाही, असा काढा उद्याच्या दरबारात कोणीतरी आणावा! नाहीतर धर्माजी हद्दपार!"

धर्माजीची लेक भिवरा गोखरू निवडत बसली होती. आई तिला नव्हतीच. बा गेला, तर घरात उरणार एक खल, एक बत्ता आणि ती.

"अगं पोरी," शेजारची बायजाकाकू म्हणाली, "हा काढा पिऊन उठायचं नाही, म्हणजे पेरायचं आणि उगवू नको म्हणायचं! जमायचं कसं?"

भिवराने हातातले गोखरू खाली ठेवले. मग म्हणाली, "काकू, तुमचं लग्नातलं मोठं तपेलं द्याल?"

"एवढं? राजा एकटाच आहे ना गं?"

"राजा एकटा आहे, काकू. दरबार नाही!"

दुसऱ्या दिवशी चार भोई ते तपेले उचलून दरबारात आले. मागून पळी घेऊन भिवरा.

"थांबा!" बहिरोपंतांनी हात आडवा केला. "बाप तुरुंगात आणि लेक काढा घेऊन दारात! यात विष नसेल कशावरून? रिवाज आहे, आधी दुसऱ्यानं चाखायचं!"

"चाखा की, पंत," भिवरा म्हणाली. "पण घोटभर पिऊन विष कळतं होय? तांब्याभर तरी प्यायला हवं. आणि सगळा भार एकट्या पंतांवर का? महाराजांसाठी जीव देणारं दुसरं कोणीच नाही का इथं?"

आता मागे कोण राहणार! पंतांनी तांब्या तोंडाला लावला. सेनापतींनी ईर्ष्येने दोन रिचवले. भाट प्यायला, कारकून प्यायले, फिर्याद घेऊन आलेले शेतकरीसुद्धा प्यायले. काढ्यात खडीसाखर होती आणि घसे कित्येक वर्षांचे कोरडे होते. लोक पुन्हा पुन्हा मागू लागले!

"आणि तू गं?" पंतांनी दरडावले.

"मी घरूनच पिऊन आलेय, पंत. आणि जाऊनही आलेय."

कोणीच मेले नाही. मग महाराजांनीही तांब्या रिकामा केला, मिशा पुसल्या आणि हुकूम सोडला, "चालू द्या कामकाज!"

पहिलाच तंटा निघाला पाटाच्या पाण्याचा!

"महाराज," शेतकरी सांगू लागला, "आमच्या बांधावरून पाणी कसं झुळझुळ झुळझुळ..."

"झुळझुळ म्हणू नकोस!" सेनापती ओरडले.

"बरं. मग ते खळखळ..."

"गप्प बस!" सगळे कारकून एका सुरात ओरडले.

सेनापती मिशी चावू लागले. भाटाने महाराजांची बिरुदे एवढ्या वेगाने म्हटली, की ऐकणाऱ्याला पाढे वाटावेत. बहिरोपंत कधी या मांडीवर, कधी त्या मांडीवर. महाराज स्वतः सिंहासनाच्या सिंहांच्या माना आवळून बसले होते. पण उठणार कोण? एकीकडे राज्य, दुसरीकडे घरदार!

शेवटी पंतांच्या डोळ्यांत पाणी आले. दुसरीकडून यायच्या आत त्यांनी हात जोडले आणि टाहो फोडला, "उठा, महाराज! उठा!"

"उठा, महाराज! दया करा! उठा!" अख्खा दरबार गलका करू लागला.

महाराज ताडकन उभे राहिले. "प्रजेची हाक! केवळ प्रजेसाठी आम्ही उठतो!"

डोळ्याचे पाते लवते न लवते, तो दरबारात उरली फक्त भिवरा आणि तपेले. राज्य मात्र कुठे उठून गेले नव्हते. जिथल्या तिथेच होते.

थोड्या वेळाने एकेक जण परतला. सगळ्यांचे चेहरे कसे पहाटेसारखे प्रसन्न! महाराजही सावकाश येऊन बसले. "आज आग नाही," ते पुटपुटले. "नुसती ऊब."

एवढ्यात बहिरोपंतांना आठवले. "महाराज, पोरगी हरली! आपण उठलात! करा धर्माजीला हद्दपार!"

"काढ्यानं कुठं उठवलं, पंत?" भिवरा म्हणाली. "महाराज प्रजेच्या हाकेला उठले. आत्ताच म्हणाले ना? आणि 'उठा' म्हणणं हा राजद्रोह असेल, तर माझा बा एकदाच म्हणाला होता. तुम्ही तर पंत, टाहो फोडलात! सगळ्या दरबाराला पुरेल एवढी जागा आहे का तुरुंगात?"

महाराज आधी गालात हसले, मग खो खो हसू लागले, मग पोट धरून!

"सोडा त्या धर्माजीला!" ते हसता हसता म्हणाले. "आजपासून तो आमचा राजवैद्य! या पोरीला तपेलंभर मोहरा द्या आणि नगारखान्याचं टिपरूही द्या. रोज दुपारी हिनं नगारा वाजवायचा आणि आम्ही उठायचं!"

"आणि काढा चाखायचा कोणी, महाराज?" भिवराने विचारले.

"पंतांनी! तांब्याभर!"

यावर महाराज असे काही हसले, की त्यांना पुन्हा लागली. ते उठले आणि गेले. या वेळी कोणाच्या हाकेची वाटसुद्धा पाहिली नाही.