सत्ती-दुर्री टाकणारी राजकन्या

एका राज्यात एक रीत होती. राजवंशात जन्मला, त्याने हाती आले ते टाकायचे नाही. रीत मोठी शूर, पण फार महाग पडली हो!

त्या राज्यात कपिलाक्ष नावाचा जादूगार आला. त्याच्याशी पत्ते खेळेल त्याला सात कवड्या मिळत. एक कवडी हरली की अंगाचा एक भाग दगड होई. राजपुत्र चित्रकेतू रीतीप्रमाणे प्रत्येक डाव शेवटपर्यंत लढला आणि सहा कवड्या हरला. मानेखाली सगळा दगड. उरले डोके आणि एक कवडी. तीही तो उद्या लावणार होता. आता काय म्हणावे!

त्याची बहीण मृगावती. ती पोटभर रडली, डोळे पुसले आणि बागेतल्या बोलक्या साळुंकीकडे गेली. ही साळुंकी जादूगाराच्याच पिंजऱ्यातून सुटलेली. तिने सगळे डाव पाहिले होते.

"ऐक बाई," साळुंकी म्हणाली. "दोन पाने तुझी, झाकलेली. ती पोटातली. मग मध्ये पाच उघडतात, ती चव्हाट्यावरची, दोघांचीही. सातांतून ज्याची पाच सरस, त्याचा डाव. पण पारख पोटातल्या पानांवरच करावी. दोन एक्के म्हणजे हत्तींची जोडी, त्यावर सर्वस्व लाव. सत्ती-दुर्री म्हणजे मेलेले वासरू, लगेच टाक. डावाला बसण्याची एक कवडी जाईल, बाकीच्या वाचतील."

"आमच्यात टाकत नाहीत."

"म्हणून तर तुमच्यात दगड फार!"

दुसऱ्या दिवशी मृगावती जादूगारापुढे बसली. म्हणाली, "दादाच्या जागी मी. डाव तीन. जिंकले तर दादाही सुटला."

"मान्य," कपिलाक्ष म्हणाला. तिच्यापुढे सात कवड्या ठेवून त्याने पाने पिसली.

पहिल्या डावात आली सत्ती-दुर्री. तिने टाकली. डावे पाऊल दगड झाले.

चित्रकेतूचे डोके ओरडले, "मृगा! पाने टाकलीस? वाडवडिलांना काय तोंड दाखवू?"

"तोंडच उरलंय तुझं, दादा. तेच वाचवतेय. गप्प बस."

दुसऱ्या डावात आली राणी आणि तिर्री. राणी पाहून तिचा जीव पाघळला, पण जोडीला ती लंगडी तिर्री! तीही टाकली. उजवे पाऊल गेले. आता मात्र ती मनातून घाबरली.

कपिलाक्ष हसला. "पळपुटी! एक खडा मारला की उडते."

तिसऱ्या डावात आले दोन एक्के. मृगावतीने पापणी हलवली नाही. गुपचूप एक कवडी सरकवली. कपिलाक्षाच्या पोटात दोन राजे होते. त्याने कवड्यांची पिशवीच उलटी केली. "माझ्याकडच्या सगळ्या! पळ आता."

"माझ्याही सगळ्या," ती म्हणाली.

पाच पाने उघडली. कुणालाच काही लाभले नाही. मग पोटातली उघडली. राजांवर एक्के बसले.

हुश्श! दगड मातीसारखा गळून पडला. मृगावती पावलांवर उभी राहिली. चित्रकेतूने सर्वांआधी नाक खाजवले; तीन महिने खाजत होते बिचाऱ्याचे. मग बहिणीच्या गळ्यात पडून रडला. जादूगाराचे पत्ते कोरे झाले, आणि तो मुकाट्याने सीमेपार चालता झाला.

पुढे बहीणभाऊ बागेत चिंचोके लावून खेळायला बसले. चित्रकेतूने पोटातली पाने पाहिली. जुन्या सवयीने मूठ आवळली, बहिणीकडे पाहिले आणि मूठ सोडली.

"टाकतो," तो म्हणाला.

त्याचा जसा हात सुटला, तसा अडकलेल्या सगळ्यांचा सुटो.