पाथरशेतच्या दोन घंटा

बसा. आहात तिथेच बसा. पायरीवर बसा, पारावर बसा, पण उभं राहू नका. घंटा ऐकलीत ना? ती पहिली. दुसरी व्हायला अजून एक घटका आहे आणि तोवर पाथरशेतात कुणी उठत नाही. तो बघा सायकलवाला, रस्त्याच्या कडेला टेकला. विहिरीवरच्या बायका काठावर बसल्या. तुमच्यासारखे डोंगर चढायला आलेले लोक मात्र नेमके याच वेळी उभे राहतात आणि मोबाईल वर करतात. फोटो बसूनही निघतो.

मी इथला गुरव, नामाजी. सोमजाईची पूजा, नैवेद्य आणि मध्यान्हीची घंटा आमच्या घराकडे. हे तांब्याचं घंगाळ आणि ही वाटी कुणी आणली, ते मला सांगता यायचं नाही. वाटीच्या बुडाला बारीक भोक आहे. पाण्यावर सोडली की भोकातून पाणी आत येतं, वाटी भरते आणि बुडते. बुडाली की एक घटका झाली. मग काढायची आणि पुन्हा सोडायची. पहिली घंटा वाजवण्याआधी मी काय केलं, ते पाहिलंत का? वाटी अर्धीच भरली होती आणि मी ती अंगठ्याने दाबून बुडवली. या चष्मेवाल्या पाहुण्यांनी एकमेकांकडे बघितलं, ते मी बघितलं. लबाडी वाटली ना? लबाडीच आहे. आता परत सोडली आहे ती मात्र आपली आपण बुडणार. तिला मी हात लावायचा नाही.

आता समोर वर बघा. डोंगराच्या धारेत खाच दिसते ना, एका बाजूने सरळ कापलेली आणि दुसरीकडे तशीच ओबडधोबड? ती आगगाडीसाठी कापायला घेतली होती. गाडी काही आली नाही. काम अर्ध्यावर टाकलं आणि रूळ पलीकडच्या घाटातून नेले. का नेले, ते गावाला कुणी सांगितलं नाही. पण त्या अर्धवट खाचेपायी या गावाला एकाच्या दोन दुपारी झाल्या, असं सांगतात. मी माझ्या आज्याकडून ऐकलं तसं सांगतो. मला त्यातलं सगळं कळलेलं आहे असं समजू नका.

तेव्हा म्हणे जगात नव्या नव्या गोष्टी निघत होत्या. वाफेवर गाडी चालते म्हणे, तारेतून निरोप जातो म्हणे. इथल्या लोकांनी त्यातलं काहीच पाहिलं नव्हतं, नुसतं ऐकत होते. पाहिल्या त्या दोनच वस्तू. एक सुरुंगाची दारू आणि दुसरं, खाचेच्या कामावर आलेल्या धाकू मुकादमाचं खिशातलं घड्याळ. दारूचं कुणाला नवल वाटलं नाही. दारूने दगड फुटतो, हे समजण्यासारखं आहे. घड्याळाने मात्र गाव चक्रावलं. पाणी नाही, ऊन नाही, वाळू नाही आणि हा म्हणतो की या डबीत दिवस मोजला जातो. लोक घड्याळ कानाला लावायचे आणि परत द्यायचे.

त्या वेळी आमच्या घरात राणोजी गुरव होता. बायको लवकर गेलेली, घरात एकटी लेक, जिऊ. ती या घंगाळाशेजारीच वाढली. रांगायची तेव्हा घंगाळाच्या कडेला धरून उभी राहायची, असं सांगतात. तिला वाटीकडे न बघता कळायचं की आता बुडेल. लग्न गावातच झालं, नवरा वर सुरुंगाच्या कामाला लागला, पण सकाळी बापाला चहा-भाकर... चहा कुठला त्या काळात, पेज म्हणा. बापाला पेज दिल्याशिवाय ती पुढच्या कामाला लागायची नाही. राणोजीचा नेम असा होता की वाटी बुडाल्याशिवाय घंटेच्या दोरीला हात लावायचा नाही. ताप असो, पाऊस असो, घरात मयत असो. बायको गेली त्या दिवशीही त्याने वाटी बुडेपर्यंत वाट पाहिली आणि मग घंटा वाजवून रडायला बसला.

त्या खाचेचं, म्हणजे खिंडीतलं काम सुरू झालं तसा मुकादम देवळात आला. माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "गुरवबाबा, उद्यापासून मध्यान्हीला वाटेच्या वरच्या अंगाला सुरुंग उडणार. वाटेवर माणूस असता कामा नये. तुमची घंटा वरपर्यंत ऐकू येते. ती मध्यान्हीचीच ना?"

राणोजी म्हणाला, "मध्यान्हीचीच. दुसरी कशाची असेल?"

"मग ठरलं. घंटा ऐकली की वाटेवर जो असेल त्याने कड्याच्या पोटाशी जाऊन बसायचं. बार होईपर्यंत उठायचं नाही."

गावात दवंडी दिली, सगळ्यांना समजलं. दोघांनीही मध्यान्ह म्हटलं, दोघांचंही खरं होतं, पण तुझी मध्यान्ह कोणती नि माझी कोणती, हे विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. कसं येणार? मध्यान्ह एकच असते, असंच सगळे धरून चालले होते. तुम्ही तरी विचारलं असतं का?

आता घोळ कुठे होता तो बघा. आमचा डोंगर उगवतीला आहे. सूर्य उगवतो तेव्हा तो आम्हाला दिसत नाही. डोंगराच्या वर येईल तेव्हा दिसतो. आणि आमच्याकडे पहिली वाटी सोडायची ती सूर्य धारेवर दिसला की. म्हणजे आमचा दिवसच उशिरा सुरू होणार आणि मध्यान्हही उशिराच येणार. हे मला शाळेच्या गुरुजींनी पाटीवर डोंगर काढून समजावलं. तिथे बसलो होतो तोवर मला पटलं. घरी आलो आणि मनात आलं, आमच्या देवीला आमचा सूर्य दिसतो तेव्हाच दिवस उजाडणार, मग चुकलं कोण? लोक विचारतात, सावली बघून कळलं नाही का? थंडीचे दिवस होते. थंडीत भर दुपारीसुद्धा सावली पायाखाली येत नाही. आणि गावात घंटा असताना सावली बघतो कोण?

दुसऱ्या दिवशी बायका भाकऱ्या घेऊन निघाल्या. वर कामावर त्यांची माणसं होती. घंटेच्या आत खिंड ओलांडून पलीकडे पोचायचं, असा त्यांचा हिशेब होता. सगळ्यांत पुढे गोदाकाकू, वयाने मोठी, आणि मागे जिऊ. त्या दिवशी राणोजीला कणकण होती. जिऊने पेज दिली, कपाळाला हात लावून पाहिला आणि म्हणाली, "आबा, आज घंटेपुरतंच उठा. बाकी पडून राहा." तो हो म्हणाला. बायका करवंदीच्या जाळीतल्या पायवाटेने वर गेल्या आणि मुकादम गाडीवाटेने खाली उतरला, त्यामुळे त्यांची गाठ पडली नाही.

मुकादम देवळात आला तो घड्याळ हातात धरूनच. म्हणाला, "गुरवबाबा, घंटा वाजवा. बारा होत आले."

राणोजीने घंगाळात पाहिलं. "वाटी अर्धी आहे अजून. ही बुडेल, मग आणखी एक. मग मध्यान्ह."

मुकादमाने घड्याळ त्याच्या नाकापुढे धरलं. राणोजीने वाटीकडे बोट दाखवलं. दोघे एकमेकांची वस्तू बघत राहिले आणि दोघांनाही त्यातून काही समजेना. असं सांगतात की मुकादम आधी हसला. मग त्याच्या एकदम ध्यानात आलं. विचारलं, "वाटेवर कोणी आहे?"

"बायका गेल्यात भाकऱ्या घेऊन. आता खिंडीच्या तोंडाशी असतील."

"अहो, वर कामावरच्या सायबाच्या हातात असंच घड्याळ आहे. सकाळी दोन्ही जुळवून घेतलीत. काटा वर आला की तो बत्ती लावायला सांगणार. मी आता धावलो तरी पोचत नाही. घंटा वाजवा."

राणोजी दोरीपाशी गेला आणि परत आला. परत गेला. नेम मोडायचा तर देवीचा कोप, नाही मोडायचा तर वर लेक. तुम्ही म्हणाल, यात विचार काय करायचा? पण त्याला खरंच कळेनासं झालं होतं. उभा जन्म ज्या वाटीवर काढला ती म्हणते वेळ झाली नाही, आणि कालपरवा आलेली डबी म्हणते झाली. डबी खोटी असली तर? आणि खरी असली तर मग आजवर देवीला जो नैवेद्य दाखवला तो कोणत्या वेळेचा? शेवटी तो घंगाळापाशी बसला, वाटीवर अंगठा ठेवला आणि दाबली. वाटी बुडाली. मग उठून त्याने घंटा वाजवली. बुडाल्याशिवाय वाजवली नाही, एवढं त्याला पुढे म्हणता आलं असतं. म्हणाला मात्र कधी नाही.

वर खिंडीत घंटा ऐकू आली तशा बायका गोंधळल्या. एवढ्यात कशी झाली? आत्ता तर निघालो. पण गोदाकाकू म्हणाली, "झाली तर झाली, चला कड्याखाली." सगळ्या कड्याच्या पोटाशी जाऊन बसल्या. जिऊ बसेना.

"आबांची घंटा नाही ही," ती म्हणाली. "वेळ झालेली नाही."

"अगं, तुला इथं बसून काय कळतं?"

"मला नाही कळणार तर कोणाला? वाटी बुडाल्याशिवाय आबा दोरी धरणार नाहीत. दुसऱ्याच कुणीतरी वाजवलीय. आबांना काहीतरी झालंय, काकू. सकाळी अंग तापलं होतं."

गोदाकाकूने तिचा पदर धरला, तो तिने सोडवून घेतला. भाकरीची पाटी तिथेच ठेवली आणि पायवाटेने खाली धावत सुटली. घंटेवर ज्यांचा साधा विश्वास होता त्या बसल्या आणि वाचल्या. जिची बापावर पुरी खात्री होती, ती उठली. बार झाला तेव्हा ती वळणावर होती.

खाली देवळात बार ऐकू आला तेव्हा मुकादमाने हात जोडले. म्हणाला, "वाचल्या, गुरवबाबा. तुम्ही वाचवल्यात." राणोजीला हायसं वाटलं, असं सांगतात. त्याने वाटी पुसली आणि पुन्हा पाण्यावर सोडली. देवीची खरी मध्यान्ह अजून व्हायची होती, ती चुकवून कसं चालेल? तो नेहमीसारखा घंगाळापाशी बसला. वाटी अर्धी भरली असेल-नसेल, तेवढ्यात बायका खाली आल्या. गोदाकाकू पुढे होती. तिच्या हातात भाकरीच्या दोन पाट्या होत्या, स्वतःची आणि जिऊची. काय झालं ते तिने सांगितलं. जिऊ का धावली, तेही सांगितलं. ते सांगितलं नसतं तर बरं झालं असतं, असं माझा आजा म्हणायचा. मला तेही ठरवता येत नाही.

राणोजी उठला नाही. लोकांनी त्याचे दंड धरले, मुकादम त्याच्या पाया पडला. तो वाटीकडे बघत होता. म्हणाला, "घंटा झाली की बसायचं ठरलंय ना? बसली असेल ती. दुसरी झाली की उठेल." त्याला समजलं नव्हतं, की समजूनही तो तसं म्हणाला, की तापाने बडबडला, यावर गावात अजून एकमत नाही. कुणी म्हणालं, बाप आहे का दगड. कुणी म्हणालं, बोलू नका, बसू दे. आणि मग एकेक करून सगळेच खाली बसले. कुणी सांगितलं नव्हतं. उभं राहून करायचं तरी काय, हे कुणालाच सुचत नव्हतं.

वाटी आपली आपण बुडाली. राणोजीने दुसरी घंटा वाजवली, देवळाच्या पायरीवर आला आणि खिंडीकडे बघून हाक मारली, "जिऊ, ऊठ गं." रोज सकाळी उठवायचा त्याच आवाजात. वाटेवर कुणी हललं नाही. मग तो वर गेला.

त्यानंतर मुकादमाने काम सोडलं. घड्याळ तो देवीपुढे ठेवून गेला, असं काही जण सांगतात, पण देवळात ते कधी कुणी पाहिलेलं नाही. खिंडही अर्धी राहिली. राणोजी जगला पुष्कळ, पण येईल-जाईल त्याला एकच विचारायचा, "मी घंटा वाजवली ते बरोबर केलं का?" कुणी हो म्हणालं तर विचारायचा, "मग जिऊ का धावली?" कुणी नाही म्हणालं तर म्हणायचा, "मग बाकीच्यांचं काय झालं असतं?" घंटा झाली नसती तर तीही त्यांच्याबरोबर बाराखालीच सापडली असती, हे त्याला सगळ्यांनी सांगून पाहिलं. तो ऐकून घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायचा.  मी रोज अंगठा वाटीवर ठेवतो तेव्हा माझा हात जरा अडतो, एवढं खरं.

थांबा. वाटीच्या काठाला पाणी आलं. हं, गेली. आता मी घंटा वाजवतो. तुम्ही लगेच उठू नका. सगळ्यांनी आधी खिंडीकडे तोंड करायचं.

आजही पाथरशेतात मध्यान्ह दोनदा होते, पहिली अंगठ्याची आणि दुसरी वाटीची. आजही दोन्हींच्या मधे कुणी उठत नाही. घंटा लवकर का झाली, हे बघायला तर मुळीच उठत नाही. आणि दुसरी झाली की आधी स्वतः उठायचं नाही, तिला उठवायचं. ऐका, विहिरीवरून हाक आली. शाळेतून आली. आता तुम्ही. लाजू नका, गावात आलात ना? म्हणा, "जिऊ, ऊठ गं."

जरा वाट बघा. वाटेवर बघा एकदा.

हं. उठा आता.